महाधमनीवरचं ठिगळ

मुलुंड पूर्व,
९ जानेवारी २०२४

प्रिय ताई,

मुलुंडहून पार्ल्याला पत्र कसलं पाठवतो, असं तू म्हणशील. फोनवर तुला ऐकू येत नाही. तीस वर्षं टेलिफोन खात्यात कानाला हेडफोन लावून बसल्याचा हा मोबदला. मेसेज पाठवला तर अंगठा दाखवून मोकळी होतेस, वाचलास की नाही ते कळत नाही. म्हणून पत्र. आईला वाचून दाखवू नकोस.

मला टीबी झाला आहे.

पहिल्यांदा रक्त आलं ते दुकानात. खोकला आला, रुमालात थुंकलो, बघतो तर लाल. तो रुमाल सोनाराच्या दुरुस्तीला आलेल्या काट्यावर ठेवला, मग त्याच डझनातला कोरा रुमाल ठेवून वजा केलं. चार ग्रॅम. दुसऱ्या वेळी सहा. जान्हवी म्हणाली, "रक्त ही काय वजन करायची वस्तू आहे?" मी म्हटलं, किती पडलं असं डॉक्टर विचारतात, तेव्हा लोक 'थोडंसं' म्हणून सांगतात. थोडंसं हे माप नाही. स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं नाही.

थुंकीत काही सापडलं नाही. पण फोटोत डाव्या बाजूला वर सावली आहे. मुंबईत खोकल्यातून रक्त आलं की शंभरात नव्वद वेळा टीबीच, असं ते म्हणाले. मी उरलेल्या दहांचं विचारलं. त्यांनी बेल वाजवून पुढचा पेशंट बोलावला.

आधी कुठलं ऑपरेशन झालंय का, असंही विचारलं. मी नाही म्हटलं. ते शर्टावरूनच तपासत होते, पाठीवरचा व्रण त्यांना दिसलाही नव्हता, तरी मी आपण होऊन सांगून टाकलं की चार वर्षांचा असताना गावी तारेच्या कुंपणावर पडलो होतो. डॉक्टरांपासून काही लपवू नये या मताचा मी आहे.

संक्रांतीला पार्ल्याला येणार नाही. आई चौऱ्याऐंशीची आहे, तिच्याजवळ खोकणं बरोबर नाही. काम चालू आहे. इंजिनियर लोक आता बिघडलेला काटा फेकून नवा घ्यायला सांगतात. मी उघडतो. मला कुणी शिकवलं नाही, त्यामुळे फेकायचंही शिकवलं नाही.

चंद्रप्रकाश


विलेपार्ले पूर्व,
१३ जानेवारी २०२४

चंदू,

पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं नाही. पण तिने पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि विचारलं, "काय झाला तेका?" मी म्हटलं खोकला. ती म्हणाली, "खोकल्याक कोण तिकीट लावता?" तेव्हा तिला कळलंय असंच धर.

आता मी सांगते ते कर. डॉक्टरांपुढे शर्ट काढ आणि पाठ दाखव. तू काही बोलू नकोस, त्यांना बघू दे. कुंपणाचं तर अजिबात सांगू नकोस. दुसरं, हे स्टेशनजवळचे डॉक्टर असतील चांगले, पण एकदा मोठ्या हॉस्पिटलात जाऊन ये. छातीच्या मोठ्या डॉक्टरांना दाखव.

का, असं विचारू नकोस. तू विचारणारच, मला ठाऊक आहे. मी उत्तर देणार नाही.

जान्हवीला म्हणावं, नवऱ्याच्या काट्यांवर भाजी मोजत असशील तर त्या रुमालाचा काटा आधी धुऊन घे.

वनमाला


मुलुंड पूर्व,
१२ फेब्रुवारी २०२४

प्रिय ताई,

तुझ्या म्हणण्याप्रमाणे मी शर्टाची बटणं सोडायला लागलो. डॉक्टर म्हणाले, गरज नाही. मी म्हटलं, बहिणीचा आग्रह आहे. ते म्हणाले, बहीण डॉक्टर आहे का? मी म्हटलं, टेलिफोन ऑपरेटर होती. विषय तिथेच संपला.

औषध लागू पडतं आहे. लघवी केशरी होते, ते गोळ्यांचं लक्षण आहे, मी वाचून खात्री केली. महिनाभर एक थेंब रक्त नव्हतं. परवा पुन्हा आलं. चाळीस ग्रॅम, म्हणजे आधीच्या दोन्ही वेळांच्या बेरजेच्या चौपट. डॉक्टर म्हणाले, अशा रोगात चढउतार असतात, कोर्स पूर्ण करा. मी एकही गोळी चुकवलेली नाही.

कुंपणाबद्दल तुझा काय आक्षेप आहे ते समजलं नाही. मला तो प्रसंग स्पष्ट आठवतो. मे महिना होता. मागच्या अंगणात आंब्याच्या खालच्या फांदीवर चढलो होतो. तारा तीन होत्या, मधली लागली. व्रण पाठीवरून, फऱ्याच्या हाडाच्या खालून, वळून बगलेखाली येतो. म्हणजे पडताना अंग डावीकडे कलतं होतं आणि उजवा पाय वर होता. मी एकदा आरशात बघून त्याचा कोनही काढला आहे. दुसऱ्या कुठल्याही रीतीने पडलं तर असा व्रण येत नाही.

तू तेव्हा तेरा वर्षांची होतीस. तुझ्या आठवणीत काही वेगळं असेल तर सांग, मी तपासून बघेन.

आईची तब्येत कळव. तिला सांग, मी जेवतो.

चंद्रप्रकाश


विलेपार्ले पूर्व,
२६ फेब्रुवारी २०२४

चंदू,

चाळीस ग्रॅम वाचल्यापासून मी दहा दिवस आईशी भांडते आहे. रोज तिला म्हणते, शपथ सुटली म्हण. जिने घातली तिनेच सोडवायची असते, तुला माहीत आहे. काल ती म्हणाली, "सुटली म्हटलंय तर तू काय सांगतलंस, ता माका ठावक आसा. म्हणान म्हणनंय नाय." आणि शपथ न सोडवताच तोंड भिंतीकडे करून निजली.

शपथ तुझ्या गळ्याची आहे. ही गोष्ट तोंडातून काढलीस तर चंदूच्या गळ्याची शपथ, असं आई म्हणाली होती. मी तोंडातून काढत नाही. लिहिते आहे. एवढा फरक देवाला कळत असेल अशी आशा आहे, खात्री नाही.

तू कुंपणावर पडला नाहीस. तुझं ऑपरेशन झालं होतं.

तू चार वर्षांचा होतास. तुझे पाय कायम गार असायचे. चाळीच्या जिन्याच्या मध्यावर येऊन बसायचास आणि पोटऱ्या दुखतात म्हणून रडायचास. नाकातून रक्त यायचं. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. काळजातून निघून खाली जाते ती मोठी नस, ती तुझी एका जागी आवळलेली होती. वर रक्ताचा जोर, खाली काही नाही. त्यांनी पाठीकडून बरगड्यांमधून उघडून ती आवळलेली जागा उभी चिरली आणि वर कापडाचं ठिगळ लावलं. ठिगळ हा शब्द डॉक्टरांचाच. बाबांनी मिलचं कापड का, असं विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले नाही, परदेशी आहे.

घरी आणलं त्या दिवशी सगळा मजला बघायला आला. एक बाई तुला हात लावून म्हणाली, "काळजाला कापलेलं पोर, आता काचेसारखं जपायचं, खेळाबिळायला सोडू नको, शाळेतही सांगून ठेव." आईने सगळ्यांना चहा दिला. दुसऱ्या दिवशी तुला उचलून गावी नेलं. दोन महिन्यांनी परत आली ती खोली बदलूनच, आणि येताना कुंपण घेऊन आली. आंबा, तार, सगळं तिचं. तू ते इतक्या वेळा ऐकलंस की तुला आठवायला लागलं.

ती वाईट नव्हती रे. तू पोरांत पळावंस, कुणी तुला बस म्हणू नये, एवढंच तिला हवं होतं. आणि तू पळालास.

आता हे डॉक्टरांना सांग. उद्या नको, आजच. ते ठिगळ अठ्ठेचाळीस वर्षांचं झालं.

वनमाला


(पुढचं पत्र टाकलं गेलं नाही.)

मुलुंड पूर्व,
१ मार्च २०२४, सकाळी

ताई,

तुझं पत्र आत्ता दुकानात मिळालं. दोनदा वाचलं.

यातलं काहीही सिद्ध होत नाही. एक, कागद नाही. हॉस्पिटलने चिठ्ठी दिली असणार, ती कुठे आहे? दोन, ज्याच्या मोठ्या नसेला कापडाचं ठिगळ आहे असा माणूस तीस वर्षं वजनं उचलू शकत नाही. मी उचलली. तीन, मला प्रसंग आठवतो. आंबा आठवतो. आईने सांगितलेलं आठवतं आणि झालेलं आठवतं यातला फरक मला कळत नाही, असं तुला म्हणायचं आहे. हे तू मला म्हणतेस. मी पाच ग्रॅमची चूक नुसत्या हाताने ओळखतो.

आई खोटं बोलली असेल तर तिने मला सांगावं. तुझ्या पत्राने सांगू नये.

वादाची गरज नाही, चाचणी घेता येते. तपासणीची वीस किलोची दोन वजनं इथे आहेत. गेली काही वर्षं मी ती एकेक करून उचलतो, कारण दोन्ही एकदम उचलायची गरज पडत नाही. आज दोन्ही एकदम जमिनीवरून टेबलावर ठेवतो. काही झालं नाही, तर तुझ्या म्हणण्यात तथ्य नाही. निकाल खाली लिहून हे पत्र दुपारच्या टपालात टाकतो.

निकाल:


मुलुंड पूर्व,
४ मार्च २०२४

वनमालाताईंना नमस्कार.

मेसेज केले होते पण त्यात सगळं लिहिता आलं नाही, आणि तुम्ही विचारलेल्या गोष्टी राहून गेल्या.

शुक्रवारी शेजारच्या झेरॉक्सवाल्याने मला हाक मारली. हे दुकानात खाली बसले होते, टेबलाला टेकून. शर्ट, लादी, सगळं रक्त. दोन मोठी वजनं बाजूला पडली होती. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "अंदाजे तीनशे. मोजता आलं नाही."

टीबीची फाइल टेबलावरच होती, ती उचलली आणि रिक्षाने हॉस्पिटलात नेलं. तिथे डॉक्टर म्हणाले, टीबीचं रक्त आहे, तोंडातून दुर्बीण घालून फुप्फुसात बघतो, साकळलेल्या रक्ताची गाठ साफ करतो. जुने रिपोर्ट मागितले. फाइल चाळताना तुमचं पत्र हातात आलं. मी उभ्या उभ्या वाचलं आणि त्या डॉक्टरांना म्हटलं, हे बघा. तरुण होते, शौनक नाव. त्यांनी ठिगळाचा परिच्छेद वाचला, ह्यांना कुशीवर वळवलं, पाठ बघितली, आणि दुर्बिणीची ट्रॉली परत पाठवली. म्हणाले, आधी रक्तवाहिन्यांचा सीटी.

सीटीत दिसलं ते असं. मोठी नस, तिला ते महाधमनी म्हणतात, ती ठिगळाच्या जागी फुग्यासारखी फुगली आहे. फुगा डाव्या फुप्फुसाला चिकटला आणि मध्ये भोक पडलं. धमनीतलं रक्त सरळ फुप्फुसात. आजवर आलं ते थोडं थोडं आलं, कारण भोकावर गाठ बसत होती. दुर्बिणीने ती गाठ काढली असती तर टेबलावरच संपलं असतं, असं मोठ्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या. डॉ. संघमित्रा. टीबी नाहीच म्हणाल्या.

रात्रीच जांघेतून तार घालून आतून कापड लावलेली जाळीची नळी बसवली. भोक आतून झाकलं. रक्त थांबलं आहे. पण हे तात्पुरतं आहे. फुप्फुसातली हवा आणि जंतू त्या कापडापर्यंत पोहोचतात, ते सडलं तर पुन्हा फुटेल. महिन्याभरात ताकद आली की छाती उघडून मोठं ऑपरेशन. त्यात पाय जायचा धोका आहे, कारण मणक्याला रक्त तिथूनच जातं. आणि जीवाचाही आहे. त्यांनी आकडा सांगितला. ह्यांनी तो लिहून घेतला.

लग्नाला चोवीस वर्षं झाली. मी त्या पाठीला तेल लावलंय. मला कुंपणच माहीत होतं. मी रागावले आहे, पण कुणावर ते अजून ठरलेलं नाही. आईंना सांभाळा.

जान्हवी


विलेपार्ले पूर्व,
१७ मार्च २०२४

चंदू,

काल हॉस्पिटलात तुला बघून आले. तुला बोलायची परवानगी नव्हती आणि मला ऐकू येत नाही, त्यामुळे भेट चांगली झाली.

एक विचारायचं होतं, ते जान्हवीसमोर विचारलं नाही.

तू पडलास हे आईला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ. सांगलंस आणि झाला." त्यानंतर ती माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढलं की जेवते. मी खोलीत आले की माळ हातात घेते.

मी स्वतःला समजावते की असं काही नसतं. मी शिकलेली बाई आहे, शपथ म्हणजे काय ते मला कळतं. पण चंदू, अठ्ठेचाळीस वर्षं मी गप्प होते आणि तुला साधं पडसंही धड झालं नाही. सोमवारी पत्र टाकलं आणि शुक्रवारी तू रक्तात बसलास. हे मला हिशेबातून काढता येत नाही. रात्री डोळा लागतो आणि तिचं वाक्य ऐकू येतं. बाकी काही ऐकू येत नाही, हे येतं.

तेव्हा मला एवढंच सांग. तू पडलास तेव्हा माझं पत्र वाचलेलं होतंस का? पत्र आधी की रक्त आधी? पत्र फाइलमध्ये सापडलं असं जान्हवीने लिहिलं, पाकीट फोडलेलं होतं की बंद ते लिहिलं नाही. तिला मी विचारणार नाही. तुला विचारते.

मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. कुणाला बरं वाटावं म्हणून तू जन्मात काही बोललेला नाहीस. म्हणूनच तू जे सांगशील ते मी धरून चालणार आहे.

ऑपरेशन होऊन जाऊ दे, मग लिही. घाई नाही.

वनमाला


मुलुंड पूर्व,
२४ एप्रिल २०२४

प्रिय ताई,

परवा घरी आलो. लिहायला आजपासून परवानगी आहे, उचलायला नाही.

ऑपरेशनची माहिती तुला जान्हवीकडून मिळाली असेल, पण ती 'सगळं नीट झालं' एवढ्यावर थांबते, म्हणून सांगतो. डॉ. संघमित्रांनी जुन्याच व्रणावरून उघडलं. मला आधी विचारलं होतं, काही शंका आहेत का? होत्या. त्यांनी सगळ्यांची उत्तरं दिली आणि शेवटी म्हणाल्या, "चंद्रप्रकाश, आता तुम्ही झोपा, मी जागी राहते." उत्तर समाधानकारक वाटलं.

फुप्फुस धमनीला इतकं चिकटलं होतं की सोडवायलाच अर्धा वेळ गेला. कमरेखालचं रक्त तेवढा वेळ मशीनने फिरवलं. जुनं ठिगळ, फुगा आणि मार्चमध्ये घातलेली जाळीची नळी, तिन्ही काढली, आणि धमनीचा तेवढा तुकडाच बदलून नवी नळी शिवली. फुप्फुसाचं भोक बंद केलं. मग मला आवडला तो भाग. पाठीचा एक स्नायू अर्धवट सोडवून आत वळवला आणि नळी आणि फुप्फुस यांच्यामध्ये घातला. माणसाचं जिवंत मांस मध्ये असलं की ती दोघं पुन्हा एकमेकांना धरत नाहीत. कापडाला हे जमत नाही.

ठिगळ मला बघायला हवं होतं. ते जंतू तपासायला पाठवलं, तेही वजन न करता. मी तसं बोलून दाखवलं.

शुद्धीवर आल्यावर कुणीतरी सारखं म्हणत होतं, पायाची बोटं हलवा. मला वाटलं हलवतोय. ते म्हणाले, हलवा. बराच वेळ तसं चाललं. जान्हवीचा चेहरा काचेतून दिसत होता, तिच्याकडे बघून कळत होतं की बोटं हलत नाहीत. संध्याकाळी उजवा अंगठा हलला. दुसऱ्या दिवशी डावा पाय. आता काठी घेऊन गॅलरीपर्यंत जातो. डावी पोटरी अजून बधिर आहे, ती येईल असं म्हणतात.

टीबीच्या गोळ्या बंद झाल्या. नसलेल्या रोगाचं औषध मी आठ आठवडे नियमित घेतलं.

आईने काल जान्हवीच्या फोनवर विचारलं, "जेवलंस काय?" मी म्हटलं, जेवलो. तिला मी काही विचारणार नाही. विचारावं असं मार्चमध्ये वाटलं होतं. नंतर विचार केला की मी पळालो, ही गोष्ट खरी आहे. तू पाहिलं आहेस.

आता तुझा प्रश्न.

१ मार्चला पोस्टमन आला तेव्हा मी भाजीवाल्याच्या मोठ्या काट्याची तपासणी करत होतो. वजनं खाली होती ती त्यासाठीच. हात तेलाचे होते, म्हणून पाकीट न फोडता फाइलमध्ये सरकवलं, जेवून वाचू म्हटलं. त्यानंतर खोकला आला. पाकीट जान्हवीने हॉस्पिटलात फोडलं. तिला विचारलंस तरी ती हेच सांगेल. मी तुझं पत्र वाचलं ते आयसीयूतून बाहेर आल्यावर, नळी बसवून झाली होती तेव्हा. म्हणजे आधी रक्त, मग पत्र. मधे काही दिवसांचं अंतर आहे, त्यामुळे संशयाला जागा राहत नाही.

पत्र नसतं तर त्यांनी दुर्बीण घातली असती. पुढचं जान्हवीने तुला लिहिलंच आहे. तेव्हा आईने क्रम उलटा धरला आहे. हे पत्र तिला वाचून दाखव. ती माळ हातात घेईल, तरी वाच.

तुला बरं वाटावं म्हणून मी हे लिहीत नाही. झालं तसं लिहिलं आहे.

चंद्रप्रकाश